निळ्या ड्रेसची पोच

४ नोव्हेंबर

वन्सं,

आधी पोच देते. पेटी एक, काल दुपारी मिळाली. आत चषक चार, त्यातल्या एकाचा कान तुटलेला, पदकं सात, ह्यांचे जुने स्केट्स एक जोड, पाती गंजलेली, फोटोंचं पाकीट एक आणि निळा ड्रेस एक. सोबत चिठ्ठी नाही. पेटीवर जकात बेचाळीस पडली, ती दारातच भरावी लागली, आणि सुटे नाहीत म्हणून टपालवाल्याने वर तीन खाल्ले. तुम्ही पेटीवर 'जुने कपडे' एवढंच लिहिलं असतं तर बारा-तेरात भागलं असतं. 'चषक' म्हटल्यावर जकातवाला कशाला सोडतोय. असो. सोळा वर्षांनी का होईना, माळा आवरायला काढलात हे बरं केलंत.

चषक घासून ठेवले. सगळ्यात मोठ्यात कपड्यांचे चिमटे बसतात. पदकं ह्यांनी एकदा हातात घेतली, मोजली, परत ठेवली. ड्रेस मात्र मी ह्यांना दाखवला नाही. कसर लागल्यासारखी वाटली, म्हणून गव्हाच्या कोठीत तळाशी ठेवून दिलाय. तो कशाला पाठवलात ते कळलं नाही.

तुमचे बंधू प्रकृतीने ठीक आहेत. पहाटे साडेपाचला बर्फाच्या रिंकवर जातात, दुपारी दोनला येतात. सध्या एकोणीस शिष्य आहेत. सतरा लहान मुली, एक तोतरा मुलगा जो बर्फावर अजिबात तोतरा नाही, आणि एक बँकेतले कारकून, वय बावन्न, ज्यांना निवृत्त व्हायच्या आत एक गिरकी शिकायची आहे. पहिले आठ दिवस हे सगळ्यांना फक्त पडायलाच शिकवतात. त्यावरून पालकांशी वाद होतात. ह्यांचं म्हणणं, बर्फावर पडलेलं पोर उठवता येतं, बाकावर बसलेली आई उठवता येत नाही. घरीही चहा उकळेपर्यंत एका पायावर उभे असतात. मी दूध ओतताना तेवढं बाजूला व्हायला सांगते.

आता मुख्य गोष्ट. रिंकच्या मॅनेजरने सांगितलंय की जानेवारीच्या स्पर्धेत आपली एक जोडी उतरलीच पाहिजे. नाहीतर रिंकचं अनुदान जाणार, आणि ह्यांचा करार डिसेंबरअखेर संपतोय तो पुढे होणार नाही. हे म्हणाले, "मी एकेकट्यांनाच शिकवतो." तर मॅनेजर म्हणाला, "एकेकट्यांना शिकवायला मला उद्या दुसरा मिळेल. जोडीने खेळलेला माणूस या गावात तुम्हीच." झालं. जोडी मिळालीय. मुलगा अठराचा, दारातून आडवा होऊन आत येतो, त्याला सगळे 'कपाट' म्हणतात. मुलगी सोळाची, ती 'टाचणी'. दोघं गुणी आहेत. हे त्यांना सगळं शिकवतात. फक्त मुलीला डोक्यावर धरायची उचल शिकवत नाहीत. आणि उचल नाही तर निम्मे गुण गेलेच.

का शिकवत नाहीत ते तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्ही वर होतात, हे खाली होते, तुम्ही पडलात, गळ्याचं हाड मोडलं आणि दोघांचं स्केटिंग तिथेच संपलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांशीच पुढे तुमचं लग्न झालं, म्हणजे देवाने एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने दिलं, असं मी तरी धरते. पण हे तुमच्या लग्नाला आले नाहीत, त्याला तुम्ही रुसवा समजलात. तो रुसवा नव्हता वन्सं. ती लाज होती. ह्यांना वाटतं की ह्यांच्या हाताने तुम्हाला सोडलं. त्या दिवसापासून ह्यांनी कुणाला खांद्याच्या वर नेलेलं नाही. आमच्या मुलीलासुद्धा नाही. जत्रेत सगळ्यांच्या मुली बापाच्या मानेवर आणि आमची कडेवर.

म्हणून एक विनंती आहे. ह्यांना एक ओळ लिहा की चूक माझी होती, वर गेल्यावर मीच हलले. खरं असायलाच हवं असं नाही. एखाद्याचं पोट वाचवायला बोललेलं देव खोट्यात धरत नाही. मी तशी प्रार्थना करून ठेवली आहे.

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर

वन्सं,

पत्र मिळालं. चार पानांचं पाकीट आणि तिकीट एका पानाचं लावलंत, त्यामुळे उरलेलं इथे भरलं. तक्रार नाही, कळवून ठेवते.

तुम्ही लिहिता, "मी हलले नव्हते. हलले असं मी मेले तरी लिहिणार नाही. तोही खांबासारखा उभा होता. तरी मी साबणाच्या वडीसारखी निसटले, ते का, हे मला सोळा वर्षं कळलेलं नाही." बरं, नाही तर नाही. मी आपलं विचारलं. आणि शेवटी विचारता की ड्रेस कसा आहे. कसा असणार. ड्रेससारखा आहे.

इकडची हकिगत अशी. मॅनेजरने स्पर्धेचा अर्ज ह्यांच्या हातात दिला. तो ३१ डिसेंबरच्या आत द्यायचा आणि त्यात कुठली उचल करणार ते लिहायचं असतं. ह्यांनी अर्ज खिशात घातला आणि येताना वाण्याकडून पन्नास किलोचं पिठाचं पोतं घेऊन आले. मी म्हटलं, चार महिन्यांचं एकदम? तर म्हणाले, "यातलं सहा किलो काढून ठेव. टाचणी चव्वेचाळीस आहे."

बैठकीच्या खोलीत गाद्या अंथरल्या. हे पोत्यासमोर उभे राहिले, पोत्याला नमस्कार केला, आणि उचललं. कंबरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं. तिथून वर जाईना. पोतं सावकाश खाली ठेवलं. पडलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. असं अकरा वेळा झालं. नंतर दोन दिवस मी घरभर पीठ झाडत होते.

मग मीच म्हटलं, "पोतं काही धरून ठेवत नाही, माणूस धरतं. मला उचलून बघा."

"तुझं वजन किती?"

"ते विचारायचं नसतं, उचलायचं असतं."

पदर खोचून मी गादीवर उभी राहिले. ह्यांनी सांगितलं, अंग ताठ ठेव, श्वास धर. मी देवाचं नाव घेतलं. कंबरेपर्यंत गेले वन्सं. तिथून घड्याळावरची धूळ दिसली, ती मी लगेच पदराने पुसली, त्याने तोल गेला आणि आम्ही दोघं गादीवर. खालच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांनी छताला काठी ठोकली. हे मात्र हसले नाहीत. स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले. म्हणाले, "ताईची कंबर माझ्या हातावर होती आणि मग नव्हती. मधलं काही आठवतच नाही. हाताला मधेच झोप लागते की काय कोण जाणे."

मी उठून पीठ झाडायला गेले.

काल ह्यांच्या कोटाच्या खिशात आणखी एक अर्ज सापडला, शीतगृहातल्या रखवालदाराच्या जागेचा. अनुभवाच्या रकान्यात लिहिलंय, 'थंडीत उभे राहण्याचा, तीस वर्षे.' अक्षर किती सुंदर काढलंय. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

तुमची वहिनी


३ डिसेंबर

वन्सं,

पत्र मिळालं, तिकीट पुरेसं होतं.

तुम्ही या खेपेला बाकी काही लिहिलं नाहीत. अर्ध्या पानात एवढंच, की वहिनी, तो ड्रेस काढा आणि उजव्या कंबरेवरून हात फिरवा, मग मला लिहा. कोठी भरलेली आहे. एवढा गहू उपसायचा म्हणजे सवड पाहिजे. इकडे माझ्या मागे काय काय लागलंय ते वाचा.

शुक्रवारी हे डबा विसरून गेले म्हणून मी रिंकवर गेले. आत गेल्यावर चष्म्यावर धुकं येतं, ते पुसून बघते तर हे एका कोपऱ्यात गुडघ्यावर बसून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधतायत, आणि दुसऱ्या टोकाला कपाटाने टाचणीला उचललंय. खांद्याच्या वर. कुणी शिकवलेलं नाही. फोटो बघून केलेलं. तिचा एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि त्याचं तोंड लालभडक.

ह्यांनी मान वर केली. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो रिंकच्या पत्र्यावरून परत आला. "खाली."

कपाटाने तिला खाली ठेवलं. अगदी अलगद ठेवलं, खोटं कशाला बोलू. टाचणी मात्र घाबरली नाही. सरळ ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही नाही शिकवलं तर आम्ही आपलं आपण करणार. मग पडले तर?"

"पडशील म्हणून तर शिकवत नाही."

"उलट आहे सर. शिकवत नाही म्हणून पडेन."

हे कडेला आले, पात्यांवर आवरण चढवलं आणि बाहेर निघून गेले. डबा न घेता. मग कपाट माझ्याजवळ येऊन बसला. एवढा मोठा गडी, पण डोळे भरलेले. म्हणाला, "काकू, सरांनी आम्हाला उतरायचं सगळं शिकवलंय. चढायचं काहीच नाही." मी त्याला डबा दिला. त्याने तो पुसून खाल्ला.

वन्सं, ही मुलं थांबणार नाहीत. आणि ह्यांनी शीतगृहाचा अर्ज पाकिटात घातलाय, तिकीट लावायचं राहिलंय. तिकिटं माझ्या डब्यात असतात. डबा मी हलवलाय. पण बाजारात तिकिटं मिळतातच.

पोर पडली तर हे पुन्हा स्वतःलाच धरून बसतील. मला काही सुचत नाही.

तुमची वहिनी


१० डिसेंबर

वन्सं,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

कोठी उपसली. ड्रेस काढला. उजव्या कंबरेवरून हात फिरवायची गरज नव्हती. तिथे काय आहे ते मला ठाऊक आहे, मीच लावलंय. तुम्हाला ते माळा आवरताना कळलं असणार, म्हणूनच पेटी पाठवलीत. आणि चिठ्ठी घातली नाहीत, मी आपण होऊन बोलते का ते बघायला. तीन पत्रं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

लग्न होऊन चार महिने झाले होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्ही ड्रेस माझ्याकडे इस्त्रीला दिलात. कंबरेच्या दोन्ही बाजूंना मखमलीचे तुकडे होते, त्यातला उजवीकडचा विटलेला, कडेने उसवलेला. मला वाटलं ठिगळ आहे. तुम्ही फाटलेलं झाकलंय आणि बोलायला संकोचताय. एवढी माणसं बघणार आणि माझ्या नणंदेच्या कंबरेवर ठिगळ. नवीन सून होते, काहीतरी करून दाखवायचं होतं. शिंपी तुकडा बदलून द्यायला तयार होता, पण सांगितलेले पैसे ऐकून मी परत आले. माहेरच्या रजईचं निळं साटीन उरलेलं होतं. रंग असा जुळला की मला तो देवाचाच संकेत वाटला. जुना तुकडा काढला, साटीन लावलं. टाका कुठे दिसत नव्हता. अजूनही दिसत नाही, काल उजेडात धरून पाहिला.

तुम्ही सकाळी घाईत ड्रेस चढवलात. स्वतःची कंबर कोण वाकून बघतं. सराव जुन्या कपड्यांतच झालेला. ह्यांचा हात तिथे पहिल्यांदा लागला तो उचलताना. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मला तेव्हा कळलं नव्हतं, हे शपथेवर सांगते. कळलं दोन वर्षांनी. एका मुलीचे वडील घरी आले होते, त्यांना हे सांगत होते की जोडीतल्या मुलीच्या कंबरेला मखमल हवी, गुळगुळीत कापडावरून हात सरकतो. मी चहा घेऊन दारात उभी. चहा सांडला नाही. आत आले, कप ठेवले, साखर पुरेशी आहे का विचारलं. त्यानंतर चौदा वर्षं मी ह्यांच्या हाताला तेल चोळून देते आहे.

आणि हेही लिहून टाकते. काढलेला मखमलीचा तुकडा चांगला होता, एवढा विटलेला नव्हता. टाकवेना. फळीवर देवांखाली आसन म्हणून घातला, तो अजून तिथेच आहे. रोज हात जोडताना दिसतो. देव काही बोलले नाहीत, पण त्यांनी कधी माझ्याकडे सरळ बघितलं असंही मला वाटलेलं नाही.

तुम्हाला खोटं लिहायला सांगत होते. कारण खरं मी सांगितलं असतं तर ह्यांनी मला काय म्हटलं असतं, याची भीती. तुमच्या हाडापेक्षा मला माझी भीती मोठी वाटली.

उद्या सकाळी ह्यांना सांगणार आहे. आज लिहिते ते अशासाठी, की तुम्हाला लिहून झालं की मग मागे फिरता येणार नाही.

वहिनी


१६ डिसेंबर

वन्सं,

सांगितलं.

तोंडाने सांगणार होते, ते काही झालं नाही. मग ह्यांच्या ताटलीशेजारी ड्रेस ठेवला आणि म्हटलं, "उजव्या बाजूला हात लावून बघा." ह्यांनी बघितलं. तळवा ठेवला, सरकवला, परत ठेवला. मग अंगठ्याने कडेकडेने टाके चाचपले. बराच वेळ.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कधी?"

"आदल्या दिवशी. मला ठिगळ वाटलं."

"मखमल कुठे आहे?"

मी फळीकडे बोट केलं. हे उठले. अंघोळ झालेलीच होती, तरी हात धुतले, एकेक देव उचलून शेजारी ठेवला, आणि तो तुकडा काढून उजेडात धरला. मग म्हणाले, "सोळा वर्षं मी रोज सकाळी तुझ्या देवांना विचारतोय की माझ्या हाताला काय झालं. आणि उत्तर त्यांच्याच बुडाखाली."

मला हसू आलं आणि रडूही. ह्यांना दोन्ही आलं नाही. त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवले घरी, पण 'मीठ' असं कागदावर लिहून पुढे सरकवत. मी काही म्हटलं नाही. दोन दिवस म्हणजे सोळा वर्षांच्या मानाने स्वस्तच पडले.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला दारात उभे. "सुई-दोरा घे आणि चल."

रिंकवर बाकावर बसून मी टाचणीच्या सरावाच्या चड्डीवर कंबरेच्या दोन्ही बाजूंना मखमल लावली. तुमचीच, कापून दोन तुकडे केले. या वेळी टाके आंधळ्याला दिसतील असे घातले, दुहेरी दोऱ्याने. कपाट शेजारी उभा राहून म्हणतो, "काकू, शिवण जरा वाकडी आली." मी म्हटलं, "बाबा, मी सरळ शिवते तेव्हा माणसं पडतात." त्याला काय कळणार. ह्यांना कळलं. ह्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग हे स्वतः टाचणीला घेऊन बर्फावर गेले. आधी नुसत्या फेऱ्या मारल्या. तीन, चार. मी डोळे मिटणार होते, पण मला वाटलं, निदान एवढं तरी बघायला पाहिजे. ह्यांनी वेग घेतला, गुडघे वाकवले आणि ती वर गेली. कंबर, छाती, खांदा, आणि मग खांद्याच्याही वर, हात सरळ, कोपर ताठ. पाचपर्यंत मोजलं आणि खाली ठेवली, जशी मी देवांना ठेवते तशी. बाकावरच्या सगळ्या आया उभ्या होत्या. हे कडेला येऊन नाक पुसत म्हणाले, "इथे थंडी फार आहे." तीस वर्षांत पहिल्यांदा जाणवली बहुतेक.

शीतगृहाचा अर्ज मी मागितला. ह्यांनी दिला. मागची बाजू कोरी आहे, वाण्याची यादी करायला होईल.

पण अडचण संपली नाही, म्हणून हे पत्र. काल कपाटाने उचललं तर ती वर जाऊन डुलायला लागली. चार वेळा तसंच. खाली येऊन विचारते, "सर, वर गेल्यावर मी कुठे बघायचं? खाली बघितलं की गरगरतं, वर बघितलं की दिवे डोळ्यात जातात."

हे म्हणाले, "मला माहीत नाही. मी कायम खाली होतो."

मग ह्यांनीच, कुणाकडेही न बघता, म्हटलं, "ताईला माहीत आहे."

वन्सं, तुमचं नाव या माणसाच्या तोंडून चारचौघांत सोळा वर्षांनी आलं.

अर्जात उचल लिहिली आहे, तो कालच मॅनेजरकडे दिला. स्पर्धा २० जानेवारीला. टाचणीला तोवर येणं भाग आहे, नाहीतर कराराचं काही खरं नाही. ह्यांचे प्रश्न पुढे देते, आत्ता समोर बसून सांगतायत. वर गेल्यावर नजर कुठे ठेवायची. उडी मारताना श्वास घ्यायचा की सोडायचा. खालच्याच्या हातावर भार टाकायचा की स्वतःला हलकं करायचं. आणि भीती वाटायची का. हा शेवटचा टाचणीचा नाही, ह्यांचा आहे, पण ते टाचणीचा म्हणून लिही म्हणतात.

उत्तर हे रिंकवर मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. तेव्हा माझ्याबद्दल जे लिहायचं असेल, शिव्या म्हणा, माफी म्हणा, ते वेगळ्या कागदावर लिहा. पाकीट एकच चालेल, वजनात बसतं. जे असेल ते वाचायची माझी तयारी आहे. काहीच लिहिलं नाहीत तर मात्र सोसणार नाही.

हे चपला घालून दारात उभे आहेत. पत्र स्वतः टाकतो म्हणतात, तिकीटही स्वतः आणलंय, गरजेपेक्षा मोठं. उलट टपाली कळवा वन्सं, वर गेल्यावर तुम्ही कुठे बघत होतात.

वहिनी